येत्या वर्षातला मेकअप: रंग तेच, पोत नवा

रानजाई

गेल्या महिन्याभरात "यंदा नवीन काय घ्यावं?" हे इतक्या जणींनी विचारलं, की प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच धागा काढते. बारा वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवायचं काम करतेय. जे लिहितेय ते हाताखालून गेलेल्या वस्तूंवरून लिहितेय. तुमचे अनुभव वेगळे असतील तर जरूर मांडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्यांचं लक्ष रंगांकडे असलं तरी खरा बदल पोतात होतोय. तीच तपकिरी, तोच गुलाबी, पण तो त्वचेवर कसा बसतो, किती पातळ बसतो आणि निघतो कसा, हे पार बदलायला लागलंय.

आधी रंगाचं पाहू. रंगांच्या छटा ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने वर्षाचा रंग म्हणून २०२५ साठी 'मोका मूस' हा तपकिरी निवडला, तेव्हा ओठांवरचा तपकिरी आधीच सगळीकडे दिसत होता. २०२६ साठी त्यांनी 'क्लाउड डान्सर' निवडलाय, म्हणजे जवळपास पांढरा. पांढऱ्याची लिपस्टिक कोणी लावणार नाही, पण त्यातून मोतिया झाक येते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, वरच्या ओठाच्या कमानीवर, पापणीच्या मधोमध. त्यामुळे मोतिया आणि बर्फाळ चमकेच्या आयशॅडोला मागणी येईल असं मला वाटतं. रंगाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

आता बेस. थापलेल्या फाउंडेशनचे दिवस मागे पडलेत, आणि स्किन टिंट (त्वचा दिसू देणारं अगदी पातळ फाउंडेशन) व कुशन हे दोन प्रकार अजून पुढे जाणार. कुशनची मूळ गोष्ट मला फार आवडते. दक्षिण कोरियातल्या अमोरपॅसिफिकने २००८ मध्ये 'आयओपे'चं एअर कुशन आणलं, आणि ती कल्पना पार्किंगच्या पावतीवर मारायच्या शिक्क्याच्या शाईपॅडवरून सुचली होती. शाई सांडत नाही आणि दर वेळी सारखीच उठते, अगदी तसंच. डबीतला स्पंज पातळ फाउंडेशन धरून ठेवतो आणि पफ दाबला की वरचा एक थर तेवढा उचलतो. म्हणूनच कुशन घासायचं नसतं, टिपायचं असतं. घासलं की खालचा थर वर येतो आणि बेस जागोजागी फाटतो. पफ एकदा दाबा, डबीच्या झाकणाला टिपून जास्तीचं काढा, मग गालाच्या मध्यावरून बाहेर जा. नाकाच्या कडेला उरलंसुरलंच न्या.

बराच काळ कुशनमध्ये गोऱ्या रंगाच्या तीन-चार शेड असायच्या आणि सावळ्या, काळ्या वर्णाच्या लोकांनी नुसतं बघत बसायचं. 'टिरटिर' या कोरियन ब्रँडचं लाल डबीतलं कुशन २०२४ मध्ये गाजलं ते कंपनीने शेड वाढवून तीसवर नेल्या तेव्हा. बाकीच्यांनाही आता तेच करावं लागणार.

ओठांसाठी माझा सगळा भरवसा स्टेनवर आहे. स्टेन म्हणजे थर नव्हे, डाग. लिपस्टिकचा रंग मेणात आणि तेलात बसलेला असतो, तो ओठांवर नुसता टेकतो. स्टेनमधला रंग ओठांच्या सगळ्यात वरच्या मृत पेशींमध्ये मुरतो, म्हणून तो पुसला जात नाही, हळूहळू फिका होतो. कल्पना जुनीच आहे. 'बेनिफिट'चं गुलाबी पाण्यासारखं टिंट १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत निघालं. आता त्याचं सोलून काढायचं रूप आलंय. जेल लावायचं, वाळू द्यायचं, पापुद्रा ओढून काढायचा, खाली रंग उरतो. एक गोष्ट मात्र पाळाच. ओठांवर सुटलेली सालं असतील तर रंग तिथे दुप्पट चढतो आणि ओठ ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. आदल्या रात्री ओलसर मऊ कापडाने ओठ हलके चोळून मलम लावून झोपा. स्टेन लावायच्या वेळी मात्र ओठ अगदी कोरडे हवेत, मलमाचा थेंबही नको, नाहीतर रंग धरतच नाही.

पापण्यांसाठी ट्यूबिंग मस्कारा, म्हणजे प्रत्येक केसाभोवती बारीक नळी करणारा. त्याबद्दल खाली कोणी विचारलं तर लिहीन, कारण तो लिहायला बसले की थांबत नाही.

काजळरेघ

रानजाई, धागा छान. पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. २०१६ परत येतंय हे तू सोडूनच दिलंस! मॅट लिक्विड लिपस्टिक, कोरलेल्या भुवया, कट क्रीज (पापणीच्या घडीवर आयशॅडोची ठळक रेघ), सगळं पुन्हा दिसतंय. कायली कॉस्मेटिक्सने तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षं झाली म्हणून 'किंग कायली' नावाने जुन्या आठवणींचंच कलेक्शन काढलं. लोकांना नुसती ओली चमकणारी त्वचा बघून कंटाळा आलाय. ज्यांना मेकअप 'केलेला' दिसायला हवा अशीही माणसं आहेत, त्यांनी काय करायचं?

रानजाई

काजळरेघ, तुझा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो आधीच घ्यायला हवा होता. लूक परत येतोय, नक्कीच. पण बरणी तीच नाही. तेव्हाच्या मॅट लिक्विड लिपस्टिक आठव. दोन तासांत ओठांच्या आतल्या कडेला भेगा पडायच्या आणि ओठ ताणले की रंगाचे तुकडे निघायचे. आता जे मॅट येतंय ते धूसर मॅट आहे. सिलिकाचे बारीक गोल कण आणि सिलिकॉनचं जेल प्रकाश विखुरतात, त्यामुळे ओठांची कड ठळक रेघेसारखी न दिसता विरघळल्यासारखी दिसते. लूक २०१६ चा, पोत २०२६ चा.

चेहऱ्याचंही तेच. एका टोकाला काचेसारखी त्वचा आहे. मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्राने जानेवारी २०२४ च्या मेझाँ मार्जिएलाच्या फॅशन शोमध्ये पोर्सिलेनच्या बाहुलीसारखे चेहरे केले आणि बरोबर वर्षभराने त्या परिणामाचा मास्क विकायला आणला. दुसऱ्या टोकाला 'क्लाउड स्किन', म्हणजे आतून तजेला पण वरून मऊ धुकं. रोज घराबाहेर पडणाऱ्या माणसासाठी मला दुसरं जास्त टिकाऊ वाटतं. काच फोटोत सुंदर दिसते, पण केस गालाला चिकटतात.

प्रयोगवही

मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो. रानजाईताईंचं 'पोत बदलतोय' हे निरीक्षण अचूक आहे, त्यामागचं कारण मात्र प्रयोगशाळेच्या बाजूने सांगतो. हे बदल फक्त फॅशनमुळे होत नाहीयेत, नियमांमुळेही होताहेत.

फाउंडेशन किंवा प्रायमर बोटांवर घेतल्यावर जो रेशमी घसरता स्पर्श जाणवतो, तो बऱ्याचदा सायक्लोपेंटासिलोक्सेनचा असतो. त्याला डी५ म्हणतात. तो रंगाला त्वचेवर सरकू देतो आणि मग उडून जातो, मागे फक्त रंगाचा पातळ थर उरतो. युरोपीय संघाने डी४, डी५ आणि डी६ या तिघांवर निर्बंध घातलेत. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ६ जून २०२७ नंतर ते ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त प्रमाणात चालणार नाहीत. कारण असं की हे पदार्थ निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. एका बाजारासाठी वेगळा आणि दुसऱ्यासाठी वेगळा फॉर्म्युला सांभाळणं खर्चिक असतं, त्यामुळे मोठ्या कंपन्या बहुतेक सगळीकडेच बदल करतील. पर्याय म्हणून आयसोडोडेकेन आणि वनस्पतीजन्य हलके अल्केन येताहेत. ते छान उडतात, पण तो लोण्यासारखा सरकता स्पर्श जसाच्या तसा देत नाहीत. तुमचं आवडतं फाउंडेशन अचानक 'वेगळंच लागतंय' असं वाटलं, तर पाकिटावरची घटकांची यादी जुन्या पाकिटाशी ताडून पाहा.

दुसरं, पीएफएएस. पाणी-तेल दोन्ही झटकणारी फ्लोरिनयुक्त रसायनं. नॉत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २३१ प्रसाधनं तपासली. फाउंडेशन आणि डोळ्यांच्या प्रसाधनांपैकी ५६ टक्क्यांत फ्लोरिनचं प्रमाण जास्त निघालं, ओठांच्या प्रसाधनांत ४८ आणि मस्काऱ्यात ४७ टक्के. वॉटरप्रूफ आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तू यात पुढे होत्या. कॅलिफोर्नियात जाणूनबुजून घातलेल्या पीएफएएसवर २०२५ पासून बंदी आहे, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून. यादीत 'पीटीएफई' किंवा 'परफ्लुओरो'ने सुरू होणारं नाव दिसलं तर ओळखा. म्हणूनच स्टेन आणि ट्यूबिंग मस्कारा पुढे येतील असं मलाही वाटतं. टिकाऊपणासाठी त्यांना अशा रसायनांची गरजच पडत नाही.

चमकीचंही थोडं सांगतो. प्लास्टिकची सुटी चमकी युरोपात ऑक्टोबर २०२३ पासून विकता येत नाही. मेकअपमधल्या बाकी सूक्ष्म प्लास्टिकला २०३५ पर्यंत मुदत आहे, पण २०३१ पासून पाकिटावर तसं लिहावं लागेल. त्यामुळे चमक यापुढे अभ्रक, कृत्रिम अभ्रक आणि सेल्युलोजमधून येईल. रानजाईताई म्हणतात ती मोतिया झाक अभ्रकातूनच मिळते. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवतात, त्याची जाडी बदलली की झाक बदलते.

पाटीपेन्सिल

प्रयोगवही, टाल्कबद्दलही सांगाल का? माझ्या कॉम्पॅक्टमध्ये पहिला घटक टाल्कच आहे आणि मी घाबरून तो वापरायचा थांबवलाय.

प्रयोगवही

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला '२ए' गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. पण हे वर्गीकरण पदार्थ अपाय करू शकतो का एवढंच सांगतं. किती प्रमाणात आणि कसा वापरला तर किती धोका, हे त्यातून कळत नाही. दाबून घट्ट केलेल्या कॉम्पॅक्टपेक्षा हवेत उडणारी सुटी पावडर श्वासात जास्त जाते, तेव्हा काळजी घ्यायचीच तर तिथे घ्या. बाजार मात्र टाल्कविरहित पावडरीकडे निघालाय हे खरं. अभ्रक, सिलिका, मक्याचा स्टार्च. सिलिकाची पावडर घेतलीत तर हात आखडता ठेवा. फ्लॅशने फोटो काढला की डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात.

उन्हाळझळ

सनस्क्रीनवाला टिंट घेतला की वेगळं सनस्क्रीन लावायची गरज नाही ना? एका रीलमध्ये तसं सांगितलं होतं.

रानजाई

गरज आहे, उन्हाळझळ. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. स्किन टिंट एवढा जाड कोणीच लावत नाही, लावला तर तो टिंट राहणार नाही. सनस्क्रीन आधी व्यवस्थित लावायचं, दहा-पंधरा मिनिटं बसू द्यायचं, मग वर टिंट. दोन्हींची घाई केलीत तर रबरने खोडल्यावर पडतात तशा वळ्या निघतात. सिलिकॉनच्या सनस्क्रीनवर पाण्याचा टिंट चोळला तर हमखास.

तरी रंग असलेल्या टिंटचा एक खरा फायदा आहे. त्यातली आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतात, जो साध्या सनस्क्रीनमधून आत जातो. ज्यांना वांगाचा त्रास आहे त्यांना याचा उपयोग होतो. त्यामुळे रंगीत मिनरल सनस्क्रीन हा प्रकार खूप वाढणार असं मी नक्की म्हणेन.

पाटीपेन्सिल

शेडबद्दल विचारते. मी सावळी. कितीही शेड असलेला ब्रँड घेतला तरी एक माझ्यावर राखाडी दिसते, पुढची नारिंगी. 'फेंटी' ब्रँडने २०१७ मध्ये चाळीस शेडनी सुरुवात केली तेव्हापासून आता आपला प्रश्न सुटला असं ऐकतेय, माझा काही सुटत नाही.

रानजाई

पाटीपेन्सिल, तुझं दुखणं मला चांगलं माहीत आहे. शेडची संख्या वाढली तरी बहुतेक मालिका उजेड ते अंधार अशा एकाच जिन्यावर उतरतात. तुझा घोटाळा बहुधा अंडरटोनचा, म्हणजे त्वचेच्या आतल्या झाकेचा आहे. तू ऑलिव्ह असशील, म्हणजे त्वचेच्या पिवळ्यात किंचित हिरवट झाक. अशा त्वचेवर उबदार शेड नारिंगी दिसते आणि थंड शेड राखाडी. म्हणूनच फाउंडेशनमध्ये घालायचे निळे थेंब यापुढे घरोघरी दिसतील असं मला वाटतं. नारिंगी दिसणाऱ्या फाउंडेशनचा वाटाण्याएवढा ठिपका हाताच्या पाठीवर घे, त्यात काडीच्या टोकाने निळा अगदी कणभर मिसळ. नारिंगीपणा डोळ्यांदेखत उतरतो. कणभर म्हणजे खरंच कणभर, जास्त झाला तर चेहरा निस्तेज दिसतो.

आणि शेड मनगटावर तपासू नकोस. जबड्याच्या कडेवर तीन उभ्या रेघा ओढ, गालावरून मानेवर उतरणाऱ्या. मग वीस मिनिटं थांब. हे वीस मिनिटांचं मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी एका नव्या फाउंडेशनची शेड मी लावल्या लावल्या पसंत केली आणि महत्त्वाच्या कामाला तीच वापरली. तासाभरात ती काळवंडली. समोर बसलेल्या बाईंचा चेहरा मानेपेक्षा दोन छटा गडद, आणि फोटोग्राफर तयार उभा. सगळं पुसून पुन्हा करायला वेळ नव्हता. मानेवर, कानांवर, गळ्याखाली तोच रंग उतरवत नेला आणि कसंबसं निभावलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण आरशात त्यांनी मानेला हात लावून पाहिला तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून नवीन बाटली आधी माझ्या स्वतःच्या जबड्यावर दिवसभर राहते, मगच पेटीत जाते.

तिन्ही रेघांतली जी खिडकीतल्या उजेडात शोधावी लागते, ती तुझी.

काजळरेघ

हे वाचून मी आत्ताच खिडकीत उभी राहून पाहिलं. चार वर्षं चुकीची शेड लावतेय. :(

ब्लशबद्दल कोणीच बोललं नाही अजून. लिक्विड ब्लश संपलं की अजून चालणार?

रानजाई

चालणार. 'रेअर ब्युटी'चं लिक्विड ब्लश २०२० मध्ये आलं आणि तेव्हापासून ब्लश मेकअपच्या मध्यावर येऊन बसलाय. पुढची पायरी म्हणजे ब्लश बेसच्या खाली लावणं. मेकअप आर्टिस्ट मेरी फिलिप्सने हे 'अंडरपेंटिंग' लोकप्रिय केलं. कॉन्टूर (चेहऱ्याला सावली देणारा गडद रंग) आणि ब्लश आधी, त्यावर पातळ टिंट. रंग वरून लावल्यासारखा न वाटता आतून आल्यासारखा वाटतो. खाली लावताना नेहमीपेक्षा थोडा गडद घ्या, वरचा थर त्याला निम्मा करतो. आणि क्रीमवर टिंट लावताना ब्रश फिरवायचा नाही, ओला स्पंज टेकवायचा.

अबोली_संध्याकाळ

नखांचंही कोणीतरी सांगा ना. जेल पॉलिश बंद झालं म्हणे?

प्रयोगवही

जेल पॉलिश बंद झालेलं नाही. त्यातला टीपीओ नावाचा घटक, जो दिव्याखाली जेल घट्ट करतो, त्यावर युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. टीपीओ नसलेली जेल बाजारात आहेत, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं.

दवबिंदू

मी साठीला आले आहे, धागा सगळा वाचला. तुम्ही मुली काच आणि ढग म्हणता, पण माझ्या वयात काहीही लावलं तरी तासाभरात सुरकुत्यांत जाऊन बसतं, आणि मस्कारा डोळ्यांखाली उतरून मी आजारी दिसते. आमच्यासाठी यातलं काही आहे का?

रानजाई

दवबिंदूताई, यंदाचे बदल मला तर तुमच्यासाठीच झाल्यासारखे वाटतात. सुरकुत्यांत बसतो तो जाड थर आणि कोरडी पावडर. टिंट गालांच्या मध्यावर आणि नाकाभोवती तेवढाच लावा, डोळ्यांच्या कडेला काहीच नको. पावडर फक्त नाकाच्या बाजूला. मोतिया चमक पापणीच्या मधोमध बोटाने एकदाच टेकवा. ठळक चमकी मात्र टाळा, ती सुरकुत्या मोजून दाखवते. ओठांच्या बारीक रेषांत लिपस्टिक पसरत असेल तर आधी स्टेन लावा, वर थोडं मलम. पसरायला वर थरच उरत नाही.

आणि मस्कारा ट्यूबिंगच घ्या. साधा मस्कारा मेणाचा आणि तेलाचा असतो. पापण्यांचं तेल, क्रीम, घाम लागला की तो विरघळतो आणि खाली उतरतो. ट्यूबिंग मस्कारा पॉलिमरचा असतो, तो वाळताना प्रत्येक पापणीच्या केसाभोवती बारीक नळी तयार करतो. तेलाने ती विरघळत नाही. काढताना साधारण अंघोळीच्या पाण्याएवढं कोमट पाणी तळहातात घेऊन डोळ्यांवर अर्धा मिनिट धरायचं, मग पापण्या दोन बोटांत हलके धरून खाली ओढायचं. चोळायचं नाही, क्लेन्झिंग ऑइल लावायचं नाही. डबीवर 'ट्यूबिंग' लिहिलेलं असतं, नाहीतर 'कोमट पाण्याने निघतो' असं. पहिला हात वाळला की त्यावर दुसरा लावू नका, त्याने गुठळ्या होतात. दोन्ही हात ओल्यावरच. आणि कुठलाही मस्कारा उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत बदला.

दवबिंदू

मनापासून आभार. सुनेकडे आहे म्हणते, आज तिचा बघते, माझा उद्या मागवते.

काजळरेघ

दवबिंदूताई, डोळ्यांचा मस्कारा दुसऱ्याचा वापरू नका हो, संसर्ग होतो. नवीनच घ्या.

दवबिंदू

बरं झालं सांगितलंत. थांबते.

दवबिंदू (नऊ दिवसांनी)

मस्कारा आला. सकाळी नऊला लावला, दुपारी डोळ्यांत पाणी आलं, संध्याकाळी घाम आला, आरशात पाहिलं तर डोळ्यांखाली काही नाही. रात्री सांगितलं तसं कोमट पाणी धरलं. तळहातावर काळे बारीक केस दिसले आणि माझं काळीजच हललं, पापण्या गळाल्या असं वाटलं. मग बोटाने चेपून पाहिलं तर मऊ, पोकळ, दोऱ्याच्या सालीसारखे. पापण्या जागच्या जागी होत्या, अगदी स्वच्छ. आता स्टेनची कुठली शेड सावळ्या ओठांवर दिसेल ते सांगा.

रानजाई

ताई, वाचून फार आनंद झाला. ओठांची नैसर्गिक कड तुमची तपकिरी की जांभळट? उजेडात बघून सांगा, त्यावरून शेड ठरवू.